दात भरायचा मसाला : टिकाऊ आणि निर्धोक कसा होईल?

दात किडला, डॉक्टरांकडून भरून घेतला, आणि दोन-तीन वर्षांत भरलेले निघून आले, ही तक्रार कारखान्यात, दुकानात आणि घरातही ऐकू येते. भराव पुन्हा बसवायचा म्हणजे डॉक्टरांची फी तर जातेच, पण रोजंदारीवर काम करणाऱ्याचा खाडाही होतो. त्याहून मोठे नुकसान दाताचे आहे. जुना भराव कोरून काढताना थोडा चांगला दातही कोरला जातो आणि खड्डा दर खेपेस मोठा होतो. अशा काही फेऱ्या झाल्या की रूट कॅनल, त्यानंतर टोपी आणि शेवटी दात काढणे, अशी वाट ठरलेली असते.

व्यापाराच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण असे की, दातांच्या सामानाचा पुरवठा हा आता मोठा धंदा आहे. शिवाय या मसाल्यामागील शास्त्र फायबरग्लास, अ‍ॅराल्डाइट, काँक्रीट आणि कल्हई या आमच्या कारागिरांच्या ओळखीच्या कामांशी फार जवळचे आहे. हा मसाला कसा बनला, तो का निकामी होतो आणि अधिक टिकाऊ व निर्धोक करण्यासाठी काय चालले आहे, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

चांदी मागे का पडली?

आमच्या वडीलधाऱ्यांच्या दाढांत काळपट 'चांदी' भरलेली असे. ती नुसती चांदी नव्हे. चांदी, कथील व तांबे यांची भुकटी पाऱ्यात कालवून केलेले ते मिश्रण, म्हणजे अमाल्गम. त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. दीडशे वर्षांहून अधिक काळ या मिश्रणाने उत्तम काम दिले. ते स्वस्त, भक्कम आणि थोडी थुंकी लागली तरी सांभाळून घेणारे आहे. पण ते दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून खड्डा आतून रुंद कोरावा लागतो आणि त्यात चांगला दात खर्ची पडतो.

दुसरी अडचण पाऱ्याची. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याचे सांडपाणी समुद्रात सोडल्याने मासे विषारी झाले आणि १९५० च्या दशकात तेथील कोळी कुटुंबांवर मोठी आपत्ती ओढवली. त्याच गावाचे नाव दिलेला पाराविषयक आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला. भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. दातांतील अमाल्गमचा वापर कमी करत नेणे हा त्या करारातील एक भाग आहे. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीयदृष्ट्या अगदी आवश्यक असेल तेवढे सोडून, अमाल्गम भरणे बंद केले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पोर्तुगालमधील लिस्बन येथे आणि अमेरिकेत मुलांवर केलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००६ साली आले. अमाल्गम भरलेल्या मुलांच्या बुद्धीवर वा मज्जासंस्थेवर वाईट परिणाम झाल्याचे त्यांत आढळले नाही. म्हणून ज्यांच्या तोंडात जुनी चांदी शाबूत आहे त्यांनी घाबरून ती उकरून काढू नये. उलट कोरतानाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते. पाऱ्याविरुद्धची मोहीम मुख्यतः पाणी, माती व हवा यांच्या रक्षणासाठी आहे.

अ‍ॅराल्डाइटचे मूळ दातात

चांदीची जागा घेणारा दातासारख्या रंगाचा मसाला म्हणजे काँपोझिट. त्याची कुळकथा सुतारकाम करणाऱ्यांना गंमतीची वाटेल. पिएर कास्टान या स्विस रसायनतज्ज्ञाने १९३० च्या दशकात कवळीसाठी नवे द्रव्य शोधताना एपॉक्सी रेझिन तयार केले. दंतव्यवसायात त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण ते हक्क सिबा कंपनीने घेतले आणि त्यातून 'अ‍ॅराल्डाइट' बाजारात आले. आज आपण लाकूड, काच व धातू चिकटवण्यासाठी वापरतो त्या पदार्थाचा जन्म असा दातांच्या कामातून झाला.

पुढे अमेरिकेत रफाएल बोवेन या दंतवैद्याने तोच धागा पुन्हा उचलला. एपॉक्सी तोंडात घट्ट व्हायला फार वेळ लावते, म्हणून त्याने एपॉक्सीच्या सांगाड्याला झटपट जुळणारी टोके जोडली. या नव्या रेझिनचे नाव बिस-जीएमए. त्याचे पेटंट १९६२ साली मिळाले आणि आजही बाजारातील बहुतेक काँपोझिट याच वाणाचे आहेत.

नुसते रेझिन मऊ असते आणि घट्ट होताना फार आकसते. म्हणून त्यात काचेची वा सिलिकाची बारीक भुकटी मिसळतात. वजनाने पाहिले तर मसाल्याचा साधारण तीन चतुर्थांश भाग ही भुकटीच असते. गवंडी जसा सिमेंटमध्ये खडी आणि वाळू घालतो, तसाच हा प्रकार. सुरुवातीच्या मसाल्यात कण जाडे होते. चावून चावून रेझिन झिजले की खडी उघडी पडावी तसे ते वर येत, गळून पडत आणि भराव खरखरीत होई. मग अतिसूक्ष्म कणांचे मसाले आले. त्यांना झिलई सुंदर येई, पण त्यांत भुकटी कमी मावत असल्याने ते दाढेच्या दाबाला कमी पडत. शेवटी मोठ्या कणांमधील पोकळी लहान कणांनी भरायची, ही गवंड्याचीच युक्ती उपयोगी पडली. आता तर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपासचे कण वापरले जातात.

काच आणि रेझिन आपसूक एकमेकांना धरत नाहीत. त्यासाठी भुकटीला सिलेन नावाच्या द्रव्याचा हात द्यावा लागतो. सिलेनचे एक टोक काचेला पकडते आणि दुसरे रेझिनला. फायबरच्या होड्या, टाक्या व पत्रे यांच्या धंद्यात काचेच्या धाग्यांवर हेच लावलेले असते.

कल्हईवाल्याचे कसब

मसाला कितीही चांगला असला तरी तो दाताला चिकटला पाहिजे. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकून आतला पृष्ठभाग साफ करतो आणि मगच कथील फिरवतो. भांडे नीट साफ झाले नाही तर कथील धरत नाही. दाताचेही तसेच आहे.

अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर या दंतवैद्याने १९५५ साली दाखवून दिले की, दाताच्या वरच्या टणक कवचाला, म्हणजे इनॅमलला, फॉस्फरिक आम्ल थोडा वेळ लावून धुतले तर रेझिन त्याला घट्ट धरते. ही कल्पना त्याने कारखान्यांतून घेतली. रंग पक्का बसावा म्हणून तेथे धातूला आधी हेच आम्ल लावत. आम्लाने इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक खड्डे पडतात. पातळ रेझिन त्यांत उतरून घट्ट होते आणि खिळे ठोकल्यासारखी पकड मिळते.

इनॅमलखालचा डेंटिनचा थर मात्र अवघड आहे. तो ओलसर असतो, त्यात बारीक नळ्या व कोलॅजनचे तंतू असतात. जपानमधील फुसायामा यांनी १९७९ साली डेंटिनलाही आम्ल लावण्याची पद्धत मांडली. त्यांच्याच देशातील नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखवले की, रेझिन त्या तंतूंच्या जाळ्यात शिरून दात व रेझिन यांचा एक मिश्र थर बनतो. आजची सारी पकड या थरावर उभी आहे. हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो, आणि भरावाचा सर्वांत कमकुवत भागही तोच आहे.

भराव निकामी का होतो?

प्रौढांच्या दाढांतील काँपोझिटवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० वर्षांच्या हिशेबात दरसाल शंभरामागे सरासरी २.४ भराव निकामी होतात. ज्यांच्या तोंडात कीड कमी लागते त्यांच्यात हे प्रमाण १.६ आणि ज्यांना कीड फार लागते त्यांच्यात ४.६ होते. मुलांमधील चित्र आणखी स्पष्ट आहे. वर सांगितलेल्या लिस्बनच्या चाचणीत ७ वर्षांपर्यंत अमाल्गमचे ९४.४ टक्के भराव टिकले, तर काँपोझिटचे ८५.५ टक्के. काँपोझिटच्या कडेला पुन्हा कीड लागणे हे त्याचे मुख्य कारण होते.

कडेलाच कीड का लागते? पहिले कारण आकसण्याचे. घट्ट होताना रेझिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि मसाला आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के आकसतो. तो दाताच्या भिंतींना आतून ओढतो आणि पकड कमी असेल तेथे फट पडते. त्या फटीतून थुंकी व जंतू आत शिरतात.

दुसरे कारण अर्धवट घट्ट होण्याचे. आजचे मसाले निळ्या प्रकाशाने पक्के करतात. त्यात कॅम्फरक्विनोन नावाचे पिवळे द्रव्य अगदी थोडे असते. ते कापरापासून बनते. निळा प्रकाश पडला की ते जोडणीला सुरुवात करून देते. पण उत्तम कामातही रेझिनच्या सर्व टोकांची जोडणी होत नाही. शंभरातील साधारण ५० ते ७५ टोकेच जुळतात. दिवा कमजोर असेल, दूर धरला असेल, वेळ कमी दिला असेल किंवा थर जाड असेल, तर तळाचा मसाला आणखी कच्चा राहतो. वरून भराव टणक लागतो, पण आत मऊपणा असतो. अशा रेझिनला थुंकीतील पाणी फुगवते आणि थुंकीतील विकर हळूहळू तोडतात. ज्या तंतूंपर्यंत रेझिन पोचलेच नाही, त्यांना दातातीलच विकर कुजवतात.

निर्धोकपणाचा प्रश्न

काँपोझिटबद्दल मुख्य शंका बिस्फेनॉल-ए या द्रव्याची आहे. शरीरातील संप्रेरकांच्या कामात ते ढवळाढवळ करू शकते, म्हणून बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याला अनेक देशांनी मनाई केली आहे. बिस-जीएमए तयार करताना हेच द्रव्य लागते. १९९६ साली स्पेनमधील संशोधकांनी दातावर सीलंट लावल्यानंतरच्या थुंकीत ते सापडल्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून हा वाद सुरू आहे.

आजवर जे कळले आहे ते असे. बिस्फेनॉल-ए मुद्दाम मसाल्यात घालत नाहीत. ते अशुद्धी म्हणून अत्यल्प प्रमाणात राहू शकते. बिस-डीएमए नावाचे दुसरे एक रेझिन मात्र थुंकीत तुटून ते सोडते. थुंकीत जे काही दिसते ते मुख्यतः भराव केल्यानंतरच्या काही तासांत दिसते आणि झपाट्याने कमी होते. हवेतील ऑक्सिजनमुळे भरावाचा सर्वांत वरचा पापुद्रा कच्चा व चिकट राहतो. तो डॉक्टरांनी पुसून वा घासून काढला आणि रोग्याने खळखळून चूळ भरली, तर पोटात जाणारा अंश आणखी घटतो. गरोदर स्त्रियांनी निकडीचे नसलेले काम पुढे ढकलावे, असा सल्ला २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यात दिलेला आहे.

यातून आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. टिकाऊपणा आणि निर्धोकपणा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. जे रेझिन कच्चे राहते तेच पाझरते, तेच झिजते आणि तेच तुटते. म्हणून पूर्ण पक्का झालेला मसाला शरीराला कमी त्रासाचा असतो आणि टिकतोही जास्त.

प्रयोगशाळांत काय चालले आहे?

२०१० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सरकारी दंतसंशोधन संस्थेने आजच्या दुप्पट टिकणाऱ्या नव्या मसाल्यासाठी संशोधकांना पैसा पुरवला. या क्षेत्रातील प्रयत्न मुख्यतः तीन दिशांनी चालू आहेत.

पहिली दिशा आकसणे कमी करण्याची. २००७ साली बाजारात आलेला सायलोरेन हा मसाला १ टक्क्याहूनही कमी आकसत असे. तरी दवाखान्यातील तुलनेत साध्या मसाल्यापेक्षा त्याचा ठळक फायदा दिसला नाही. नुसता एक गुण सुधारून भागत नाही, हा धडा त्यातून मिळाला. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंडच्या विद्यापीठात थायोयुरेथेन नावाचे द्रव्य मिसळून पाहिले गेले. त्याने मसाल्यातील ताण कमी होतो आणि चिवटपणा वाढतो.

दुसरी दिशा बिस-जीएमए टाळण्याची. बिस्फेनॉल-ए पासून न बनलेल्या रेझिनचे काही मसाले आजही बाजारात मिळतात. जर्मनीत विकसित झालेला ऑर्मोसर हा काचेसारखा सांगाडा असलेला प्रकारही त्यातलाच एक प्रयत्न आहे.

तिसरी दिशा जंतूंना रोखण्याची. ओरेगॉनमधीलच संशोधकांनी काँपोझिटमध्ये कॅल्शियम सोडणारी विशेष काच मिसळली, दात चावताना पडतो तसा दाब देऊन प्रयोगशाळेत जंतू सोडले आणि फटीत ते किती खोल जातात ते मोजले. साध्या मसाल्यात ते फटीच्या तळापर्यंत पोचले, तर नव्या मसाल्यात सरासरी ६१ टक्के खोलीपर्यंतच. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. अर्थात प्रयोगशाळेतील यश म्हणजे तोंडातील दहा वर्षे नव्हेत.

या सर्वांबरोबर ग्लास आयोनोमर हा साधा पर्यायही लक्षात ठेवण्यासारखा आहे. लंडनमधील सरकारी रसायन प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी तो १९७० च्या सुमारास तयार केला. तो स्वतःच दाताला चिकटतो, फ्लोराइड सोडतो आणि त्याच्या साध्या प्रकाराला दिव्याचीही गरज लागत नाही. मोठ्या दाढेच्या दाबाला तो काँपोझिटइतका टिकत नाही, पण मुलांसाठी व वीज नसलेल्या ठिकाणी फार उपयोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

आपल्या देशातही हे काम होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत दंत-काँपोझिटवर संशोधन झाले आहे. जम्मूतील प्रेव्हेस्ट डेनप्रो ही १९९९ साली सुरू झालेली कंपनी दातांचे मसाले बनवते आणि २०२१ साली ती शेअर बाजारात नोंदली गेली. म्हणजे हा माल परदेशातूनच आला पाहिजे असे नाही.

माल विकणाऱ्यांसाठी

दातांच्या सामानाच्या धंद्यात असलेल्या किंवा येऊ पाहणाऱ्या बांधवांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. दात भरायचा मसाला कायद्याने वैद्यकीय उपकरणांत मोडतो. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत २०२२ साली भर पडली आणि विक्रेत्यांना एमडी-४२ या नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्राची सोय झाली. औषध विक्रीचा परवाना नसलेल्याने हे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय हा माल ठेवू वा विकू नये.

काँपोझिटसाठी आयएसओ ४०४९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. दाढेसाठीच्या मसाल्याने वाकवण्याच्या चाचणीत किमान ८० मेगापास्कल ताण सोसावा, असे त्यात सांगितले आहे. बिनबिलाचा, बिननावाचा किंवा मुदतीच्या तारखेवर नवी चिठ्ठी डकवलेला माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. तो ज्याच्या तोंडात जाणार आहे त्याला फसवणूक कळण्याचा मार्गच नसतो.

साठवण हा तर या धंद्याचा कणा आहे. बहुतेक कंपन्या २५ अंशांखाली माल ठेवण्यास सांगतात. एप्रिल-मे महिन्यांत मालेगाव, जळगावकडील पत्र्याच्या गोदामात पारा कोठे जातो हे सर्वांना ठाऊक आहे. उन्हात पडून राहिलेले पार्सल मुदतीच्या आत असले तरी त्यातील माल बिघडलेला असू शकतो. फ्रिज, वीज गेल्यावरची सोय आणि आधी आलेला माल आधी विकण्याची शिस्त, एवढे तरी हवेच. क्युअरिंग लाइट विकणाऱ्याने सोबत प्रकाश मोजणारे मीटरही सुचवावे. दिवा निळा दिसतो म्हणजे त्याचा जोर पुरेसा आहे असे नाही, आणि डोळ्यांनी तो फरक ओळखता येत नाही.

दात भरून घेणाऱ्यांसाठी

गिऱ्हाईक म्हणून आपणही डॉक्टरांना विचारावे. या खड्ड्याला कोणता मसाला योग्य? दात कोरडा ठेवण्यासाठी रबराचा पडदा किंवा कापूस व थुंकी ओढणारी नळी वापरणार का? मसाला एकदम भरणार की थरांनी? साधा काँपोझिट सुमारे २ मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थरावर दिवा धरावा लागतो. 'बल्क फिल' प्रकारचा मसाला साधारण ४ मिलिमीटरपर्यंत चालतो. दात आधी लवंगतेलाच्या तात्पुरत्या सिमेंटने भरलेला असेल तर तसे आवर्जून सांगावे. लवंगतेलातील युजेनॉल काँपोझिट पक्का होण्यात अडथळा आणते. जुन्या भरावाचा एखादाच कोपरा तुटला असेल तर सगळा न काढता तेवढाच दुरुस्त होईल का, हेही विचारावे.

पैशाचा हिशेबही वर्षांवर मांडावा. समजा एक भराव हजार रुपयांचा आहे आणि दहा वर्षे टिकला, तर तो वर्षाला शंभर रुपयांना पडला. सहाशे रुपयांचा तीन वर्षांत निघाला तर वर्षाला दोनशे रुपयांना पडला, आणि खाडा व कोरला गेलेला दात वेगळाच. मात्र महाग म्हणजे टिकाऊ असेही धरून चालू नये. घाईने केलेले काम महागड्या मसाल्यालाही वाया घालवते.

आणि शेवटचा वाटा आपला स्वतःचा आहे. कीड फार लागणाऱ्या तोंडात भराव जवळजवळ तिप्पट वेगाने निकामी होतात, हे वरच्या आकड्यांवरून दिसतेच. मागावर किंवा दुकानात दर तासाला गोड चहा घेण्याची सवय दातांना दिवसभर साखरेत ठेवते. साखर किती खाल्ली याबरोबर ती किती वेळा तोंडात गेली याला फार महत्त्व आहे. चहाच्या वेळा कमी कराव्यात, सुपारी-गुटखा सोडावा आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. दुप्पट टिकणारा मसाला प्रयोगशाळेतून येईल तेव्हा येईल. आज तोंडात असलेल्या भरावाचे आयुष्य वाढवण्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.